एप्रन कशाकशाला अडवतो?

रासायनिक कारखान्यात, मग तो डोंबिवली एमआयडीसीतला का असेना, ॲसिड हाताळताना रबराचा किंवा पीव्हीसीचा लांब एप्रन घालायचा असतो. तो गमबुटात खोचायचा नाही, बुटावरून बाहेर सोडायचा. खोचला तर वरून ओघळलेलं ॲसिड थेट बुटात उतरतं आणि पाय त्यात भिजत राहतो. कॉलेजच्या लॅबमधला एप्रन मात्र सुती हवा. पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं. सूत जळतं, पण असं चिकटत नाही.

ज्या माऱ्यासाठी एप्रन बनवलेला असतो, तेवढाच तो परतवतो. 23 मे 2024 रोजी डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यात झालेल्या रिॲक्टरच्या स्फोटासारख्या संकटात अंगावरच्या रबराचा काय पाड? तिथे माणसं वाचतात ती रिॲक्टरचं तापमान आणि दाब ताब्यात राहिला तरच.

एक्स-रे विभागातला एप्रन शिशाचा. शिशाचा अणुक्रमांक 82. त्याच्या अणूंत इलेक्ट्रॉनांची इतकी दाटी असते की तपासणीसाठी वापरले जाणारे बहुतेक क्ष-किरण तिथेच शोषले जातात. अर्धा मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण सहसा पुरतं. पण वजन! अँजिओग्राफी करणारे डॉक्टर कित्येक किलोंचा हा भार तासन्‌तास वागवतात आणि पाठदुखी ओढवून घेतात. या एप्रनची घडी कधीच घालू नये. आतल्या थराला बाहेरून न दिसणाऱ्या चिरा पडतात, म्हणून तो हँगरला टांगतात आणि ठरावीक काळाने त्याचाच एक्स-रे काढून पाहतात. किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला छातीवर, एप्रनच्या आतल्या बाजूला लावतात. शरीरापर्यंत खरोखर किती पोचलं, ते त्यातून कळतं.

1865 साली जन्मलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला नऊ वर्षं होती. पांढरा एप्रन ही डॉक्टरांची सार्वत्रिक ओळखही पुढे, जंतुशास्त्र रुजल्यावर झाली. पांढऱ्यावर डाग लपत नाही, जंतू मात्र लपतात, विशेषतः बाह्यांच्या कडांवर आणि खिशांवर. वॉर्डातला एप्रन घालून कॅन्टीन गाठणं किंवा लोकल पकडणं थांबायलाच हवं.

बांधकामातला एप्रन काँक्रीटचा. बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी पायथ्याची माती उकरतं. तो मारा तिथली काँक्रीटची लादी झेलते. मोठ्या स्थानकांत फलाटालगतच्या रुळांखाली खडीऐवजी धुता येणारं काँक्रीट असतं, रेल्वेवाले त्यालाही ‘वॉशेबल एप्रन’ म्हणतात. नदीकाठचा एप्रन तर सुट्या दगडांचा रचतात. पाण्याने खालची माती ओढून नेली की ते दगड आपसूक घसरतात आणि नव्या उतारावर पसरून तो झाकून टाकतात.