मांडवीवर एका संख्येची झडती

रत्नागिरीच्या मांडवीवर, ओहोटीच्या वेळी रत्नदुर्गाची रेघ संधिप्रकाशात धूसर होत असता, जी काळसर ओली वाळू उघडी पडते, तिच्याइतकी प्रशस्त पाटी गणिताच्या विद्यार्थ्याला अन्यत्र मिळणे कठीण. मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा. जिथे मालाची मोजदाद व्हायची, तिथे एखाद्या प्रचंड संख्येची झडती घ्यावी, असे मनात येऊन मी परवा काठीने नऊ एक ओळीने लिहिले आणि त्यांचा वर्ग केला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१.

नवापर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणाऱ्या या सतरा अंकांचे रहस्य ज्याने शाळेत गुणाकार मांडला आहे त्याला तत्काळ उमगेल. त्याच नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक येतात. कडेच्या घरात एकच एक, शेजारच्या घरात दोन, असे करीत मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि हातचा कोठेही येत नाही. दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा जमतात, हातचा शेजारी सरकतो आणि ही सुरेख कमान ढासळते.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ज्या रेल्वेस्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, त्याचेच ते नाव. आजचे ते डोंबिवली. १९०५ साली डहाणूस जन्मलेल्या या गृहस्थांनी १९२७ मध्ये, आपल्या जिल्ह्यातील मुर्डीचे सुपुत्र रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळविले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी केली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाला त्यांची ओळख पटली. हा विलंब मला आजही सलतो.

जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी, हर्ष देणारी म्हणून, ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. आता नऊ एक म्हणजे १२३४५६७९ ची नऊपट (आठ या अंकाची अनुपस्थिती लक्षात घ्यावी), म्हणून त्यांच्या वर्गात ८१ हा गुणक असणारच, आणि संख्या हर्षद ठरते. झडती आणखी खोल नेली तर मूळ संख्येचे अविभाज्य अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच निघतात. त्यावरून वर्गाचे विभाजक मोजले तर ४५ भरतात. विभाजकांच्या जोड्या लावू गेल्यास नऊ एकांची ती मूळ संख्या एकटी उरते, कारण तिचा जोडीदार तीच.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं ते परार्ध अशी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांपैकी शेवटचे तेवढे सोडून सारी ही संख्या व्यापते, आणि डावीकडून तिसरा अंक, तीन, ज्या स्थानी बसतो त्याचे नाव जलधि.

भरतीने माझे गणित पुसले. वाचकांनी आता आठ एकांचा वर्ग करावा. अंकांची बेरीज ६४ येईल. ती संख्या हर्षद आहे काय, हे भागाकार न मांडता, नुसता शेवटचा अंक पाहून सांगावे.