एडिटरच्या पोटातले पुस्तक

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर करायला ना-हरकत दिली. जिल्हा, तालुका आणि महसुली विभाग यांच्या नावांची अधिसूचना निघायला मात्र त्याच वर्षीचा सप्टेंबर उजाडला. मधल्या महिन्यांत एकाच पत्त्यात शहर नवे आणि जिल्हा जुना असा प्रकार होता. याद्या, अर्ज, पत्रांचे मसुदे, वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्यांपुढे प्रश्न आला, की ‘शोधा आणि बदला’ ही सूचना द्यायची तरी कशी?

डोळे मिटून दिली, तर बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याचेही बारसे होते. जुन्या आदेशातला, जसाच्या तसा ठेवायलाच हवा असा उताराही बदलतो. ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होते, जे इथे कोणी बोलत नाही. आणि फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर पडद्यावर औरंगाबाद दिसत असूनही शोधात सापडत नाही.

लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या ओळखीच्या विम या एडिटरमध्ये यातल्या आंधळ्या बदलावरचा उपाय आहे, आणि तो उपाय शोधायची जागाही तिथेच आहे. बिल जॉय यांच्या १९७६ सालच्या व्हीआय या एडिटरच्या वळणावर डच प्रोग्रामर ब्राम मूलेनार यांनी विम बेतला आणि १९९१ साली तो अमिगा संगणकासाठी लोकांच्या हाती दिला. शहर आणि जिल्हा यांच्या अधिसूचनांच्या मधल्या काळातच, ३ ऑगस्ट २०२३ रोजी, मूलेनार वारले. त्यांच्या मागे उरलेल्या कामात प्रोग्रामइतकेच मोल त्यातल्या मदतीचे आहे.

कोलन देऊन हेल्प टाइप केले, की ही मदत वेगळ्या खिडकीत उघडते. इंटरनेट लागत नाही. हेल्पपुढे आज्ञेचे नाव दिले, की थेट त्याच आज्ञेची माहिती समोर येते. मजकुरात दोन उभ्या रेघांमध्ये दिसणारा शब्द हा दुवा असतो. त्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की तिकडे जाता येते, कंट्रोल-टी दाबले की परत. नेमके नाव आठवत नसेल, तर हेल्पग्रेप ही आज्ञा सगळी मदत चाळून देते.

बदलाच्या आज्ञेची पाने अशी उघडली की ‘सी’ हे अक्षर भेटते. आज्ञेच्या शेवटी ते जोडले, की एडिटर प्रत्येक ठिकाणी थांबून विचारतो. वाय म्हणजे बदल, एन म्हणजे राहू दे, एल म्हणजे एवढे बदलून थांब, क्यू म्हणजे आत्ताच थांब. ए म्हटले की उरलेले सगळे न विचारता बदलते, म्हणून ते जपून वापरावे. बिहारचा औरंगाबाद वाचतो तो एनमुळे. ‘जी’ हे अक्षर विसरले, तर प्रत्येक ओळीतले पहिलेच नाव बदलते, हेही तिथेच लिहिलेले आहे.

ही मदत आपल्या सोयीने बेतताही येते. खिडकीची उंची ठरवता येते. एरवी के हे मोठे अक्षर दाबले, की कर्सरखालच्या शब्दासाठी युनिक्सचे मॅन्युअल उघडते. कीवर्डपीआरजी हा पर्याय बदलला, की तीच कळ विमची मदत उघडते. इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करणाऱ्याची अडचण निराळी असते. कीबोर्ड मराठीवर असताना आज्ञेच्या कळा देवनागरी अक्षरे देतात आणि आज्ञा चालत नाहीत. त्यांची सांगड रोमन अक्षरांशी घालून देणारा लँगमॅप हा पर्याय आहे.

याहून मोठी सोय म्हणजे मदतीच्या या पुस्तकात आपले पान घालता येते. आपल्या विम फोल्डरमधल्या डॉक या उपफोल्डरात साधी टेक्स्ट फाइल ठेवायची, मथळ्याचा शब्द दोन ताऱ्यांच्या खुणांमध्ये लिहायचा आणि हेल्पटॅग्ज ही आज्ञा चालवायची. पहिली ओळ रीतीप्रमाणे लिहिलेली असली, तर ती मदतीच्या मुखपृष्ठावर ‘स्थानिक भर’ या यादीत आपोआप दिसते. भाषेचीही तजवीज आहे. फाइलच्या नावाला टीएक्सटीऐवजी एमआरएक्स हे शेपूट दिले आणि हेल्पलँग या पर्यायात एमआर लिहिले, की मराठी पान आधी शोधले जाते. ते नसले तर इंग्रजी उघडते. अट एवढीच, की एका फोल्डरातल्या एका भाषेच्या सगळ्या फाइलींचे एन्कोडिंग एकच हवे.

नामांतराचे नियम अशा पानावर शोभतात. शहराचे नाव कोणत्या तारखेपासून, जिल्ह्याचे कोणत्या, कोणता उतारा हात न लावता सोडायचा, ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरात’ कसे करायचे, हे एकदा लिहिले की पुढच्या माणसाला विचारत फिरावे लागत नाही. शोधायची आज्ञा कशी द्यायची, ते मूलेनार लिहून गेले. बिहारचा औरंगाबाद सोडून द्यायचा, हे मात्र त्यांच्या पुस्तकात नाही. ते इथल्याच माणसाने लिहायचे आहे, खाली तारीख घालून, कारण अधिसूचना पुन्हा निघू शकते.