रोवणीच्या तोंडावर ट्रॅक्टर फुल रेस घेत नाही? पंप खोलण्याआधी एवढं तपासा

भंडारा : पऱ्हे तयार, बांधीत पाणी साचलेलं, मजूर ठरलेले, आणि चिखलणीला आणलेला ट्रॅक्टर मात्र नुसता गुरगुरतो. रेस पूर्ण खेचली तरी मीटरचा काटा वर चढत नाही. किंवा रिकामा असताना चढतो अन् रोटाव्हेटर चिखलात टेकवला की धापकन खाली येतो. जुलैमध्ये तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत ही तक्रार ऐकू येते. गोसेखुर्द, बावनथडी, इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांना हीच पाळी जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा येते.

एक ट्रॅक्टर थांबला म्हणजे एका घरचं काम थांबलं असं नसतं. भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरमागे पाच-दहा जणांच्या बांध्या रांगेत असतात. खरिपात साधारण २१ ते २५ दिवसांचे पऱ्हे रोवावेत असं सांगितलं जातं. महिना उलटला की फुटवे कमी येतात आणि तो तोटा नंतर युरिया टाकून भरून निघत नाही. म्हणून घाई होते. आणि घाईत पहिलं वाक्य कानावर येतं ते हेच : “पंप गेला जी, काढावा लागंल.”

पंप जातोही कधीकधी. पण तो तपासायच्या यादीत शेवटी यायला हवा. पंप खोलून जिल्ह्याच्या गावी पाठवला की दोन-चार दिवस जातात, हजारोंचा खर्च येतो, आणि परत बसवल्यावर कळतं की दोष टाकीच्या झाकणात होता.

आधी एक साधी चाचणी

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद. हाताची रेस शेवटपर्यंत खेचा आणि मीटर पाहा. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत इंजिनचा ठरलेला आरपीएम लिहिलेला असतो. रिकाम्या इंजिनाचा काटा त्याच्याही थोडा वर जायला हवा. समजा ठरलेला वेग २००० असेल, तर रिकाम्यात तो २१००-२२०० च्या आसपास दिसतो.

इथेच वाट दुभंगते. रिकाम्यातच काटा १६००-१७०० वर थांबत असेल तर बहुतेक वेळा इंजिनात काही बिघडलेलं नसतं, रेस पंपापर्यंत पोहोचतच नसते. रिकाम्यात बरोबर चढतो पण कामात पडतो, तर डिझेल कमी पडतंय, हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त आहे.

असं का, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. डिझेल इंजिनात गव्हर्नर असतो. जुन्या पद्धतीच्या पंपात त्याला फिरती वजनं असतात. ओझं वाढून वेग कमी झाला की ही वजनं आत ओढली जातात आणि पंप जास्त डिझेल सोडतो, म्हणजे वेग पुन्हा सावरतो. रिकाम्या इंजिनाला डिझेल फार थोडं लागतं, त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टरही तेव्हा चालून जातो. खरी परीक्षा चिखलात होते. गव्हर्नर मागतो, पण मागून डिझेल येत नाही.

रिकाम्यातच रेस चढत नसेल तर

दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून रेस खेचायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपावरचा दांडा पाहायचा. इंजिन बंद ठेवूनच हे करा. दांडा शेवटच्या बोल्टला जाऊन टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मधल्या सळईचे बुश झिजले आहेत, पिन ढिली आहे किंवा केबल ताणली गेली आहे. पायाच्या रेसखाली वाळलेला चिखल किंवा रबरी चटई अडकलेली असणं हेही नेहमीचंच.

याच वेळी इंजिन बंद करायची खेचणी पाहा. ती गंजून अर्धवट बाहेर राहिली तर डिझेल अर्धवट तोडते, आणि इंजिन चालू राहतं पण दम धरत नाही. थोडं ग्रीस लावून खेचणी पूर्ण आत गेली की ट्रॅक्टर जागेवर येतो. मेकॅनिकही बरेचदा हे विसरतात.

दांडा बोल्टला टेकतोय आणि तरी वेग कमी आहे, तर तो बोल्ट स्वतः फिरवू नका. त्याला कंपनीचं सील असतं, आणि तो किती फिरवायचा हे पंपाच्या टेस्ट बेंचवर ठरतं, बांधीत नाही.

कामात पडत असेल तर धूर बघा

सायलेन्सरचा धूर अर्धी गोष्ट सांगतो. काटा पडतो आणि काळा धूर सुटतो, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण हवा कमी आहे, नाहीतर ओझं झेपत नाही. काटा पडतो पण धूर फारसा नाही, इंजिन नुसतं मलूल होतं, तर डिझेलच कमी पडतंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला चालतो, पण गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग, नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केटकडे लक्ष द्यावं लागतं.

डिझेलची बाजू

सगळ्यात स्वस्त तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. खूण अगदी स्पष्ट : ट्रॅक्टर सकाळी मस्त चालू होतो, दहा-पंधरा मिनिटांनी दम तोडतो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो. असं झालं की झाकण ढिलं करून पाहा. ‘सूं’ असा आवाज येऊन इंजिन सावरलं तर रोग सापडला. झाकण डिझेलने धुवा, भोक मोकळं करा. तशीच उघडी टाकी ठेवून पावसात काम करू नका, नाहीतर दुसराच रोग मागे लागतो.

तो दुसरा रोग म्हणजे पाणी. कॅनमध्ये साठवलेलं डिझेल, पावसात भरलेली टाकी, रात्रभर अर्धी रिकामी टाकी राहिल्याने आत धरलेला दमटपणा, या सगळ्यातून पाणी तळाशी बसतं. फिल्टरखालची काचेची किंवा लोखंडी वाटी सोडा, खालचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. हंगामात हे काम आठवड्याला एकदा तरी व्हावं आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.

फिल्टर किती तासांनी बदलायचा हे पुस्तिकेत दिलेलं असतं. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. धुतल्याने तो साफ दिसतो, पण कागदाची जाळी फाटते आणि कचरा थेट पंपात जातो. शंभर-दोनशे रुपये वाचवताना पंप खराब करण्याचा हा खात्रीशीर मार्ग आहे.

फिल्टर बदलला की एअर काढावीच लागते. जुन्या पद्धतीच्या पंपात फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग अखंड डिझेल. फेस थांबला की स्क्रू घट्ट करा, मग पंपावरच्या स्क्रूला तेच करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर धरली तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाइप आणि तांब्याचे वॉशर पाहा. या भागात ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून कोरडं दिसतं म्हणून फसगत होते.

हवेची बाजू

धानाची मळणी केलेल्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर चिखलणीआधी उघडलाच पाहिजे. कोंडा आणि धूळ तिथे गच्च बसलेली असते. ऑइलचा क्लीनर असेल तर वाटीतलं जुनं ऑइल फेकून, जाळी डिझेलने धुऊन, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर हवा अडते आणि ऑइल इंजिनात ओढलं जातं. कागदी क्लीनर आतून बाहेर हलक्या हवेने झटकावा, बाहेरून आत जोराची हवा मारू नये. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरमध्ये टर्बोपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप क्लिपमधून निसटलाय का पाहा. काळा धूर आणि ओझ्याखाली फुसफुस आवाज ही त्याची खूण.

महिनोन्महिने उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये माशीचं घर, पाखराची काडी, पावसाचं पाणी सापडतं. उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, फक्त सुरू करताना डबा काढायची आठवण ठेवावी. रेडिएटरच्या जाळीतला कोंडाही काढा. तापलेलं इंजिन ताकद देत नाही.

ओझं खरंच जास्त नाही ना?

एक गिअर खाली घ्या, रोटाव्हेटर थोडा उचला. काटा सावरला आणि धूर थांबला तर इंजिन निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. खोल बांधीत केजव्हील लावून वरच्या गिअरमध्ये रेटण्यात वेळ वाचत नाही, डिझेल मात्र जास्त जातं. अडकलेला ट्रॅक्टर फुल रेसवर झटका देऊन काढायला गेलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. तिथे थांबलेलं बरं. मात्र मागच्या वर्षी त्याच बांधीत, त्याच गिअरमध्ये तो आरामात चालत असेल तर दोष इंजिनात शोधा.

इथून पुढे मिस्त्रीचं काम

नोझल तपासताना मिस्त्री इंजिन हळू चालवून एकेका सिलिंडरच्या पाइपचा नट ढिला करतात. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. हे जाणत्यानेच करावं. पाइपातून सुटणाऱ्या डिझेलची धार चामडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, ट्रेम-४ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा कॉमन रेल पंप आणि सेन्सर असतात. त्यात पाइपचा नट अजिबात ढिला करायचा नाही, दाब फार मोठा असतो. सेन्सरला काही खटकलं की संगणक स्वतःच रेस मर्यादित करतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. झाकण, फिल्टर, एअर क्लीनर एवढं पाहून झालं की सर्व्हिस सेंटरला कळवावं. वॉरंटीतल्या कोणत्याही ट्रॅक्टरचं सील गावात तोडू नये.

मिस्त्रीला फोन करताना “पिकअप नाही” एवढंच सांगून उपयोग होत नाही. मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ काढा. एकात रिकाम्या इंजिनाला फुल रेस आणि मीटरचा काटा, दुसऱ्यात बांधीत काम करताना धूर आणि आवाज. चालत्या ट्रॅक्टरजवळ जाऊ नका, धुऱ्यावर उभं राहून काढलेला पुरतो. सोबत फिल्टर शेवटचा कधी बदलला, किती वेळाने दम तोडतो, झाकण ढिलं केल्यावर काय झालं हे लिहून पाठवा. मिस्त्री तुमसरचा असो की साकोलीचा, निघताना कोणता सामान पिशवीत घ्यायचा हे त्याला कळेल, आणि त्याची एक फेरी वाचेल.