डोंगर मालकाचा, वाट सर्वांची

इंग्लंड म्हटले की लंडन शहर आठवते, गिरण्या आठवतात. पण त्याच देशाच्या वायव्य कोपऱ्यात डोंगरांचा आणि तळ्यांचा एक सुंदर मुलूख आहे. त्याचे नाव लेक डिस्ट्रिक्ट. म्हणजे तळ्यांचा प्रदेश. दर वर्षी लाखो माणसे तेथे येतात. ती देवदर्शनाला येत नाहीत की बाजाराला येत नाहीत. पुष्कळजण नुसते डोंगर चढायला आणि चालायला येतात.

आपण म्हणाल, "आम्ही सरपणासाठी, गुरांमागे रोजच डोंगर तुडवतो. त्यात मौज ती कसली?" प्रश्न रास्त आहे. पण तेथे चालणारे बरेचसे लोक शहरातले. आठवडाभर कारखान्यात नाहीतर कचेरीत कोंडलेले. सुटीला मोकळी हवा मिळाली की त्यांचा जीव हलका होतो. त्यासाठी एकच गोष्ट मुख्य लागते. वाट मोकळी असावी लागते. ती कशी मोकळी राहिली, ते आज आपण पाहू.

डोंगर आणि तळी

हे डोंगर फार उंच नाहीत. सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक. त्याची उंची सुमारे ३२०० फूट. अख्ख्या इंग्लंडात याहून उंच शिखर नाही. आपले कळसूबाई सुमारे ५४०० फूट आहे.

हजारो वर्षांपूर्वी हा सारा मुलूख बर्फाखाली होता. बर्फाचे जाड थर आपल्याच भाराने हळूहळू उताराला सरकत. सरकताना ते खडक खरवडून काढीत. त्यामुळे डोंगराच्या कुशीत परातीसारखे खळगे पडले. खळग्यांच्या तोंडाशी पुष्कळ ठिकाणी दगडमातीचा बांध साचला. पुढे बर्फ वितळले आणि खळग्यांत पाणी राहिले. अशी डोंगरातली लहान तळी झाली. त्यांना तेथे 'टार्न' म्हणतात. खाली दऱ्यांत मोठी तळी आहेत. त्यांतले विंडरमियर तळे दहा मैलांहून लांब आहे.

पाऊस तेथे बाराही महिने पडतो. सीथवेट नावाच्या लहानशा वस्तीवर तर वर्षाला सव्वाशे इंचांहून जास्त पडतो.

वाटेसाठी दोन हजार माणसे

आता डोंगर म्हणजे कुणाचेही नव्हेत, असे नाही बरं का. त्यांना मालक आहेत. आपल्याकडे पांदण कुणी अडवली की गावात तंटा होतो. तसाच तंटा तेथेही झाला.

केझिक गावाजवळ लॅट्रिग नावाचा डोंगर आहे. गावकरी कित्येक वर्षे त्यावर जात असत. मालकाने वाटेवर अडथळे घातले. तेव्हा गावात पाऊलवाटा राखण्यासाठी मंडळ उभे राहिले. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसे जमली. त्यांनी अडथळे बाजूला सारले आणि सगळी डोंगराच्या माथ्यावर गेली. प्रकरण कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. माथ्याकडे जाणारी वाट लोकांना मोकळी झाली.

या मंडळाचे अध्यक्ष हार्डविक रॉन्सली हे धर्मोपदेशक होते. १८९५ साली त्यांनी आणखी दोघांच्या साथीने 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था काढली. चांगल्या जागा सर्वांसाठी जतन करणे हे तिचे काम. लेक डिस्ट्रिक्टमधली पुष्कळ जमीन आज या संस्थेकडे आहे.

कायदा काय सांगतो?

१९४९ साली मोठा कायदा झाला. सर्वांना मोकळ्या असलेल्या वाटांची नोंद नकाशावर करावी, असे त्यात ठरले. त्याच कायद्याने १९५१ साली लेक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान झाले. तरी जमिनी मालकांच्याच राहिल्या. २००० सालच्या कायद्याने नकाशावर दाखवलेल्या उघड्या डोंगरांवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क मिळाला. पण शेतात किंवा कुणाच्या अंगणात शिरण्याचा हक्क मिळाला नाही.

मेंढपाळाची बाजू

हक्क मिळाला, म्हणजे काम संपले काय? नाही. त्या डोंगरांवर मेंढपाळांचे पोट आहे. तेथे हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या चरतात. उंच डोंगरावर पुष्कळ ठिकाणी कुंपण नसते. तरी प्रत्येक कळप आपल्याच भागात राहतो. मेंढी आपल्या कोकराला ती जागा दाखवते. कोकरू मोठे झाले की आपल्या कोकराला दाखवते. ही शिकवण पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. असा कळप एकदा गेला, तर नवा कळप रुळवायला वर्षे लागतात.

२००१ साली लाळ-खुरकुताची मोठी साथ आली. हा मुलूख ज्या कंब्रिया परगण्यात आहे, त्याला तिचा जबर फटका बसला. रोग पसरू नये म्हणून कळपच्या कळप मारावे लागले. डोंगरवाटा बंद केल्या गेल्या. चालणारे येईनात, तेव्हा खाणावळी आणि उतारूंची घरेही ओस पडली. मेंढपाळ आणि वाटसरू यांचे नशीब एकाच दोरीला बांधलेले आहे, हे तेव्हा सर्वांना दिसले.

चालणाऱ्याने काय पाळावे?

फाटक उघडे असेल तर उघडे ठेवावे, लावलेले असेल तर लावून घ्यावे. कुत्रा मेंढ्यांजवळ दोरीने धरावा. चुना-मातीवाचून रचलेल्या दगडी गडग्यांवर चढू नये. एक दगड निसटला की गडगा ढासळतो. कचरा परत न्यावा.

स्वतःलाही जपावे. डोंगरावर धुके क्षणात उतरते. नकाशा, होकायंत्र, गरम कपडे आणि शिट्टी जवळ असावी. कोठे जाणार ते सांगून निघावे. अडचणीत सापडल्यास मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग मिनिटभर थांबून पुन्हा वाजवावी. ही मदतीची खूण आहे. मदतीला धावणारी पथके स्वयंसेवकांची असतात. ते पगार घेत नाहीत, की वाचवलेल्या माणसाकडून पैसे घेत नाहीत.

मंडळी, लॅट्रिगची वाट दोन हजार माणसांनी एका दिवसात चालून दाखवली. पण ती राखायची, तर फाटक लावण्याचे काम रोज करावे लागते. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला ते करावे लागते.

वाचून झाल्यावर बोला

१. मालकाची जमीन आणि लोकांची वाट, दोन्ही एका जागी कशी नांदतात?
२. फाटक उघडे राहिले तर मेंढपाळाचे काय नुकसान होईल?
३. आपल्या गावात सर्वांच्या वहिवाटीची वाट कोणती? ती कोण राखतो?