थांबवणं वेगळं, रखडवणं वेगळं

परदेशातलं एखादं जोडपं आपल्याकडचं मूल दत्तक घेतं, तेव्हा मुलाचा फोटो घरात आधी लागतो, मूल फार उशिरा येतं. त्या घराचा प्रश्न एकच : एवढा वेळ का?

१९८४ साली, लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियम घातले. मुलांचा व्यापार होऊ नये, हा हेतू. म्हणून मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. आधी देशातच घर शोधलं जातं. मग 'कारा'चं ना-हरकत पत्र. हा थांबा मुलासाठी आहे.

दुसरा उशीर बघा. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. १ सप्टेंबर २०२२ ला ती लागू झाली आणि चालू फायलींचं काय, हा पेच पडला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या हलवायला मनाई केली. कायद्यात निकालाची मुदत दोन महिन्यांची. या पेचातून मुलाला काय मिळालं?

इटियाडोहच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गाढवी नदीचं पाणी अडवायचं ते धानाला वेळेवर सोडण्यासाठी. पऱ्हे वाळल्यावर सोडलेलं पाणी काय कामाचं? मूलही रोज वाढतंच आहे.

तेव्हा प्रत्येक थांब्याला विचारा : हा कोणासाठी? मुलासाठी असेल तर धीर धरा. नसेल तर गप्प बसू नका, लेखी जाब मागा.