पिंपरी-चाकणहून जर्मनीला बिऱ्हाड: खर्च कशाकशाचा?

घरसामान जहाजाने पाठवताना भाडे मुख्यतः व्यापलेल्या जागेवर, म्हणजे घनमीटरवर ठरते. 20 फुटी कंटेनरमध्ये सुमारे 33 घनमीटर जागा असते. चाकणच्या वाहन कारखान्यातून जर्मनीला बदली झालेल्या अभियंत्याच्या छोट्या बिऱ्हाडाला एवढी लागत नाही. ते न्हावाशेवा बंदरातून इतरांच्या मालासोबत सामायिक कंटेनरने जाऊ शकते. मात्र समुद्रभाडे हा खर्चाचा एकच भाग. पॅकिंग, न्हावाशेव्यापर्यंतचा ट्रक, दोन्हीकडची बंदर-हाताळणी, कस्टम्स, विमा हे सारे वेगळे. त्यामुळे स्वस्त दरपत्रक ‘घरपोच’ आहे की नुसते ‘बंदरापर्यंत’, हे आधी तपासावे. फसगत इथेच होते.

विमानाने एक घनमीटर सामान किमान 167 किलो धरतात. गाद्या-उशा तशा पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे.

युरोपीय संघाबाहेर किमान 12 महिने राहिलेल्यांना, निदान सहा महिने वापरलेल्या घरसामानावर तिथे आयातशुल्कात सवलत मिळते. म्हणून निघताना नवे फर्निचर घेणे तोट्याचेच. मिक्सर मात्र जरूर न्यावा: जर्मनीतही वीज 230 व्होल्टची, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत 120 व्होल्ट असल्याने तो निरुपयोगी ठरतो.