विश्लेषण : फ्लॅटमधली भिंत पाडण्याआधी काय तपासायला हवे?

घराचे नूतनीकरण ठरले की आधी टाइल्स, मग मॉड्युलर किचन, मग फॉल्स सीलिंग अशा क्रमाने चर्चा होते. कोणती भिंत काढायची, हे बहुधा याच चर्चेत ओघाने ठरून जाते. ती भिंत इमारतीसाठी काय काम करते, हा प्रश्न मात्र कंत्राटदाराची माणसे घण घेऊन दारात उभी राहिल्यावर निघतो, किंवा निघतच नाही.

धोका किती खरा?

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात खांबांना धक्का लावला गेल्याचा आरोप झाला. एका घरातल्या कामाची जोखीम त्या घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. खालच्या मजल्याने आधार काढला, तर वरच्या सगळ्या मजल्यांचे घर जाते.

कोणती भिंत भार पेलते?

याचे एकच उत्तर नाही. इमारत कशी बांधली आहे, त्यावर ते ठरते. जुन्या, विशेषतः दोन-तीन मजली इमारतींत स्लॅब थेट विटांच्या जाड भिंतींवर टेकलेला असतो. तिथे नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंत म्हणजे खांबच समजावा. आरसीसी इमारतीत भार खांब आणि तुळया पेलतात, मधली साडेचार इंची भिंत सहसा फक्त आडोसा असते. पण खांब अनेकदा भिंतीच्या जाडीतच लपवलेला असतो, गिलाव्यावरून तो ओळखू येत नाही. भिंतीवर टकटक करून निदान करणाऱ्या मिस्त्रीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

नव्या टॉवरमध्ये गोष्ट आणखी वेगळी. ‘माइवान’ पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्याच भार पेलतात. खांब दिसत नाहीत, कारण भिंतीच खांब असतात. त्या पाडता येत नाहीतच. त्यांत वायरिंगसाठी खोल झिऱ्या पाडणे किंवा एसीच्या पाइपसाठी मनाला येईल तिथे भोक घेणे हेही सळ्या कापण्यासारखेच आहे.

भिंत काढली नाही, वाढवली तर?

याकडे फार कमी लक्ष जाते. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत गिलावा न धरताही पावणेदोन टनांच्या आसपास भरते. खाली तुळई नसेल, तर हा सगळा भार स्लॅबवर येतो. हीच भिंत हलक्या एएसी ब्लॉकची केली, तर वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. जुन्या फरशीवरच मसाला टाकून नवी फरशी बसवण्याचा सोपा मार्गही दर चौरस मीटरला सत्तर-ऐंशी किलो वाढवून ठेवतो.

बाल्कनी हा सर्वांत नाजूक भाग. ती एका बाजूनेच धरलेली असल्याने तिच्या मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, नेमक्या फरशीखाली. फरशी ब्रेकरने फोडताना इजा होते ती त्यांनाच. वर हॉल वाढवण्यासाठी कठड्याच्या कडेला विटांची भिंत उभी केली, तर संकटाला आमंत्रणच.

परवानगी कोणाची लागते?

रंग, गिलावा, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला साधारणपणे महापालिकेची परवानगी लागत नाही. संरचनेला हात लावणाऱ्या कामाला ती लागते. सोसायटीचे ना-हरकत पत्र आवश्यक असले, तरी ती तांत्रिक परवानगी नव्हे. समितीतले सभासद इंजिनीअर नसतात. संरचनेचा खरा पुरावा म्हणजे आरसीसी नकाशे. महापालिकेच्या मंजूर नकाशात खोल्या दिसतात, सळ्या नाहीत. रेरा कायद्यानुसार विकासकाने आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे सोसायटीकडे सुपूर्द करायचे असतात. अनेक सोसायट्या ते मागतच नाहीत. संरचनात्मक दोषांसाठी विकासकाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे असते. परस्पर फेरबदल केल्यास ती संपते, अशी अट करारनाम्यात अनेकदा असते.

जुन्या इमारतीत सोसायटीचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवालही पाहावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्यांचे तीन वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. अहवालात दुरुस्ती सुचवलेली असेल, तर घरातली तोडफोड तिच्यानंतरच.

प्रत्यक्ष कामात काय पाहावे?

इंटिरिअर डिझायनरचा आराखडा पक्का होण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरने घर पाहिलेले असावे आणि काढायच्या भिंती त्याने नकाशावर खुणा करून, सहीनिशी दिलेल्या असाव्यात. भार पेलणाऱ्या भिंतीत दार काढायचेच असेल, तर आधी टेकू, मग तुळई आणि शेवटी घण, हा क्रम त्याच्या देखरेखीत पाळला जावा. मलबा रोजच्या रोज खाली उतरवावा. निवासी स्लॅबवर वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो; हॉलच्या मधोमध साठवलेला गुडघाभर विटांचा ढीग त्याच्या तिपटीच्या घरात जातो.